पेट शॉप बॉईजचा पहिला अल्बम ‘प्लीज’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाने ‘प्लीज’मधलं ‘वेस्ट एंड गर्ल्स’ हे गाणं पहिल्यांदा ऐकलं आणि त्याच रात्री मला पाठोपाठ सात-आठ प्रश्न पाठवले. यातले बरेचसे प्रश्न मला आधीही अनेकांनी विचारले आहेत. हा अल्बम माझ्या फार जवळचा आहे, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

पेट शॉप बॉईज म्हणजे नेमके कोण?

ब्रिटिश पॉप संगीतातली एक जोडी: नील टेनंट आणि ख्रिस लो, दोघंच. नील १९५४चा, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या नॉर्थ शील्ड्सचा. लंडनला येऊन इतिहास शिकला आणि पुढे पुस्तकं-मासिकांच्या धंद्यात रमला. मार्व्हल कॉमिक्सच्या ब्रिटिश आवृत्तीत अमेरिकी स्पेलिंग बदलून ब्रिटिश करण्याचं काम त्याने केलं आहे. १९८२ पासून तो ‘स्मॅश हिट्स’ या पॉप संगीताच्या पाक्षिकात होता, सहायक संपादकाच्या पदापर्यंत पोचला. म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर लिहिणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग.

ख्रिस १९५९चा, ब्लॅकपूलचा. शाळेत ट्रॉम्बोन वाजवायचा, पियानोवरही हात होता. लिव्हरपूल विद्यापीठात वास्तुरचना शिकत होता. त्या शिक्षणातली उमेदवारी करायला लंडनच्या एका कार्यालयात आला आणि तिथे असताना मिल्टन कीन्समधल्या एका औद्योगिक वसाहतीसाठी त्याने जिना आखला. ‘ख्रिस लोने बांधलेली एकमेव गोष्ट’ म्हणून तो जिना चाहत्यांच्या गप्पांत अजून येतो.

त्यांची गाठ कुठे पडली?

१९ ऑगस्ट १९८१ रोजी, लंडनच्या चेल्सीतल्या किंग्ज रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात. नीलने कॉर्ग कंपनीचा एमएस-१० हा छोटा सिंथेसायझर घेतला होता, त्याच्या वायरीच्या कामासाठी तो आला होता. ख्रिस तिथेच होता. बोलणं सुरू झालं आणि कळलं की दोघांनाही नाचायची गाणी मनापासून आवडतात. त्या काळात इंग्लंडमध्ये स्वतःला दर्दी समजणारी मंडळी डिस्कोला नाकं मुरडत होती. या दोघांना मात्र त्यात कमीपणा वाटत नव्हता, आणि माझ्या मते पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं राहिलं.

हे विचित्र नाव कुठून आलं?

लंडनच्या ईलिंग भागात पाळीव प्राण्यांच्या दुकानात (इंग्रजीत ‘पेट शॉप’) काम करणारे त्यांचे मित्र होते, त्यांच्यावरून. त्याआधी जोडीचं नाव ‘वेस्ट एंड’ होतं.

भेट १९८१ची, अल्बम १९८६चा. मधली वर्षं कुठे गेली?

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं, कारण या अल्बमचा जीव तिथेच आहे.

आधी नीलच्या घरी आणि मग कॅम्डेनमधल्या एका छोट्या स्टुडिओत दोघं गाणी रचत राहिले. नोकरी चालूच होती. ऑगस्ट १९८३ मध्ये ‘द पोलीस’ या बँडची मुलाखत घ्यायला पाक्षिकाने नीलला न्यूयॉर्कला पाठवलं. तिथे बॉबी ऑर्लँडो नावाचा निर्माता होता. त्याच्या भरधाव ठेक्यांच्या डिस्को रेकॉर्ड नील आणि ख्रिस दोघंही अक्षरशः पारायण करावं तशा ऐकत. आलोच आहोत तर याला भेटून घेऊ, असं म्हणून नीलने त्याला गाठलं. दोघं चीजबर्गर आणि कॅरट केक खायला बसले. तारीख १९ ऑगस्ट, म्हणजे ख्रिसच्या भेटीला बरोबर दोन वर्षं झाली होती. आपणही गाणी लिहितो हे नीलने सांगितलं आणि ऑर्लँडो म्हणाला, मग रेकॉर्ड करू या.

एप्रिल १९८४ मध्ये ‘वेस्ट एंड गर्ल्स’ची पहिली आवृत्ती निघाली. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबांत ती वाजली, ब्रिटनमध्ये कुणी विचारलं नाही. मग ऑर्लँडोबरोबरच्या करारातून मोकळं होण्यात बराच काळ गेला. पुढच्या कमाईतला घसघशीत वाटा ऑर्लँडोला द्यायचं कबूल करून ते सुटले आणि मार्च १९८५ मध्ये पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला. नीलने नोकरी सोडली. जुलैमध्ये ‘ऑपॉर्च्युनिटीज’ हे गाणं बाजारात आलं आणि खपाच्या ब्रिटिश यादीत ११६व्या क्रमांकावर थबकलं.

तो क्षण मी बरेचदा डोळ्यांसमोर आणतो. एकतिसाव्या वर्षी चांगली चाललेली नोकरी सोडलेली, दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून निघालेली गाणी ब्रिटनमध्ये पडलेली. ज्या क्षेत्रात विशीतच माणूस जुना समजला जातो तिथे हे वय थोडं नव्हे. अशा वेळी बहुतेक जण नवं गाणं शोधतील. या दोघांनी जुनंच पुन्हा हातात घेतलं.

‘वेस्ट एंड गर्ल्स’ची दोन रेकॉर्डिंग आहेत म्हणतात. फरक काय?

शब्द आणि चाल जवळपास तीच. फरक आहे तो वेगाचा आणि हवेचा.

ऑर्लँडोची आवृत्ती क्लबसाठी केलेली आहे. ठेका टणक, चाल घाईची, आणि गायकाला ठेक्यामागे धावावं लागतं. दुसऱ्या आवृत्तीचा निर्माता स्टीफन हेग. त्याने लय उतरवली. शब्दांना श्वास घ्यायला जागा मिळाली आणि गाण्यातलं शहर दिसायला लागलं. दोन्ही आवृत्त्या एकामागून एक ऐका. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याला हे लगेच पटेल: बंदीश तीच असते, लय बदलली की तिचा स्वभावच बदलतो.

सुरुवातीचे काही सेकंद हेडफोन लावून, डोळे मिटून ऐका. रस्ता ऐकू येतो. गाड्यांची घरघर, आणि अगदी जवळून जाणारी पावलं. लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओच्या बाहेर, दारातल्याच रस्त्यावर हेगने ते आवाज टिपले होते. मग खालून सिंथेसायझरचे लांब, गारठलेले स्वर वर येतात. त्यानंतर बेस येतो, घाई नसलेल्या माणसाच्या चालीने. आणि मग नील बोलायला लागतो. हो, बोलायलाच. मधे हेलेना स्प्रिंग्ज या गायिकेचा आवाज येतो आणि त्या थंडीत एकदम ऊब शिरते. शेवटाकडे ट्रम्पेटसारखं जे वाजतं ते ट्रम्पेट नाही, ते सॅम्पलरवर, म्हणजे टिपलेले आवाज पट्ट्यांवर वाजवणाऱ्या यंत्रावर, वाजवलेलं आहे.

शब्दांचं म्हणाल तर नॉटिंगहॅमला चुलतभावाकडे मुक्कामाला असताना, रात्री जेम्स कॅग्नीचा एक जुना गुंडपट पाहून नीलला पहिल्या ओळी सुचल्या. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचं ‘द मेसेज’ आलं होतं. मोठ्या शहराचा दाब रॅपमधून सांगता येतो हे त्याने दाखवून दिलं होतं. नीलला तेच करायचं होतं, पण इंग्रज माणसाच्या उच्चारात. टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’चाही त्यावर परिणाम आहे असं नीलने सांगितलं आहे. कोण बोलतंय हे न सांगता एकामागून एक आवाज येत जातात, ती तऱ्हा तिथली.

वेस्ट एंड म्हणजे लंडनमधला नाटकघरांचा, दुकानांचा, झगमगाटाचा भाग. ईस्ट एंड म्हणजे गोदी आणि कामगार वस्त्यांचा. गाण्यात पूर्वेकडची मुलं आणि पश्चिमेकडच्या मुली आहेत. शनिवारच्या रात्री एकाच शहराचे दोन वर्ग एकमेकांकडे कसे बघतात, ते या गाण्यात आहे. ऐकणाऱ्याने लंडन पाहिलेलं असायची गरज नाही.

ही दुसरी आवृत्ती ऑक्टोबर १९८५च्या अखेरीस निघाली. यादीत पार खालून शिरली, आठवड्याआठवड्याने वर सरकत जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली आणि मे महिन्यात अमेरिकेतही पहिली आली.

गायकाचा आवाज इतका सपाट का?

सपाट या शब्दाशी माझं भांडण आहे. नीलचा आवाज बारीक आहे, अनुनासिकाकडे झुकलेला आहे, आणि तो कधीही ताणत नाही. त्या काळच्या ब्रिटिश पॉपमध्ये अमेरिकी काळ्या गायकांसारखा दमदार आवाज काढायची धडपड सर्वत्र होती. नीलने स्वतःच्या बोलण्याचा आवाज ठेवला.

भावगीतं ऐकत वाढलेल्या कानाला हे परकं वाटू नये. माइक जवळ घेऊन, शब्द न दुखावता, समोर एकच माणूस बसलाय अशा बेताने गाणं आपल्याला ठाऊक आहे. खाली नाचायचा ठेका चालू असताना वर कुणीतरी असं कानाशी बोलत असतं, त्यामुळे नाचता नाचता एकटं वाटायला लागतं. ‘लव्ह कम्स क्विकली’ ऐकताना मला दर वेळी तसं होतं.

ख्रिस लो मंचावर नुसता उभा असतो. तो करतो तरी काय?

निम्मं संगीत. चाली, स्वरांच्या जोड्या आणि मुख्य म्हणजे ठेका कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, हे त्याच्याकडून येतं. शब्द बहुतेक नीलचे असतात. कॅमेऱ्यासमोर न हसणं, टोपी आणि गॉगलमागे राहणं ही त्याची निवड होती. वाद्य वाजवण्याचं नाटक करायचं नाही, असा त्यामागचा सरळ विचार. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो.

सगळं यंत्रावर केलेलं. मग त्यात कष्ट ते काय?

हा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळीही विचारतात, तेव्हा शांतपणे सांगतो.

त्या वेळचा सॅम्पलर म्हणजे ‘ईम्युलेटर’ घ्या. खरा आवाज, समजा एखाद्या वाद्यवृंदाचा एकच स्वर, काही क्षणांपुरता यंत्राच्या स्मृतीत घ्यायचा. मग तो पट्ट्यांवर पसरायचा, म्हणजे वरची पट्टी दाबली की तोच आवाज उंच आणि आखूड होतो, खालची दाबली की जाड आणि लांब. जागा इतकी थोडी की सेकंदाचा हिशेब ठेवावा लागायचा. वेगळे आवाज हवे असतील तर फ्लॉपी बदलायची आणि यंत्र वाचेपर्यंत थांबायचं. यंत्र आपणहून काहीच करत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर, एखाद्या स्वराची शेपूट किती लांब ठेवायची, कुठे काहीच वाजू द्यायचं नाही, हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

‘टू डिव्हायडेड बाय झीरो’ हे अल्बमचं पहिलं गाणं ऐका. त्यातला तो यांत्रिक आवाज बोलणाऱ्या कॅल्क्युलेटरचा आहे. खेळण्यासारखी वस्तू, तिच्या तोंडचे आकडे घेऊन ठेक्यात बसवलेले. गाणं आहे रातोरात शहर सोडून पळून जाणाऱ्या दोघांचं. शून्याने भागाकार करता येत नाही हे आपण शाळेतच शिकलो. त्या दोघांनाही कुणी भागू शकत नाही, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे.

अल्बमचं नाव ‘प्लीज’ का?

दुकानात जाऊन गिऱ्हाइकाने म्हणावं, ‘पेट शॉप बॉईजचा अल्बम द्या, प्लीज’. बस, एवढंच.

मराठीत हे नाव करायचं झालं तर अवघड आहे. ‘कृपया’ आपण पाटीवर लिहितो, तोंडाने क्वचितच म्हणतो. आपली विनंती क्रियापदाच्या शेपटीला असते: ‘द्या ना’, ‘दाखवता का जरा’. माझ्यासाठी या अल्बमचं मराठी नाव ‘द्या ना’ असंच आहे.

कव्हर इतकं रिकामं का ठेवलंय?

बारा इंची पांढराशुभ्र चौकोन आणि मधोमध टपाल तिकिटाची आठवण व्हावी एवढंसं छायाचित्र. दोघांच्या गळ्यात पांढरे टॉवेल. छायाचित्र एरिक वॉटसनचं, मांडणी मार्क फॅरोची. तो काळ भडक रंगांचा आणि फुगवलेल्या केसांचा होता. दुकानाच्या फळीवर अशा गर्दीत हा पांढरा चौकोन ठेवला की डोळा तिथेच जाणार. आणि चित्र बघायचं तर कव्हर हातात घेऊन जवळ न्यावं लागतं. मोबाईलच्या पडद्यावर ही गंमत पूर्ण हरवते. कधी मूळ रेकॉर्ड हाती आली तर आधी हे करून बघा.

अल्बममध्ये काय काय आहे?

एकूण ११ नोंदी, त्यातली एक ‘ऑपॉर्च्युनिटीज’चा छोटा पुनरुच्चार. २४ मार्च १९८६ला अल्बम बाजारात आला.

‘ऑपॉर्च्युनिटीज’बद्दल मोठा गैरसमज आहे. पैसा कमावू या असं म्हणणारं गाणं म्हणून लोक ते उत्साहाने वाजवतात. ब्रिटनमध्ये तेव्हा मार्गारेट थॅचर यांचं सरकार होतं आणि झटपट श्रीमंतीला प्रतिष्ठा आली होती. गाण्यातला माणूस स्वतःच्या हुशारीच्या आणि शिक्षणाच्या बढाया मारतो, पण तो आणि त्याचा साथीदार कधीच काही कमावणार नाहीत हे ऐकताना कळत जातं. मला त्या माणसाची दया येते. मे १९८६ मध्ये हे गाणं नव्याने काढलं तेव्हा ब्रिटनमध्ये ११व्या आणि अमेरिकेत १०व्या क्रमांकापर्यंत गेलं. वर्षापूर्वीचे ते ११६ आठवतात ना?

‘सबर्बिया’ हे माझं सगळ्यात लाडकं. कुत्र्यांचं भुंकणं, काचा, पोलिसांच्या गाड्या, आणि त्यावर भर उन्हासारखी उजळ चाल. १९८१ आणि १९८५ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये दंगली झाल्या होत्या. त्या, आणि पेनेलोपी स्फीरिस यांचा याच नावाचा चित्रपट, यांच्यातून हे गाणं सुचलं. नीटनेटक्या उपनगरात पोरांना करायला काही नसतं, तो कंटाळा साचत जातो आणि एक दिवस पेटतो. अल्बममधली आवृत्ती साधी आहे. सप्टेंबर १९८६ मध्ये आलेली सिंगलची, म्हणजे सुट्या रेकॉर्डची, आवृत्ती ज्युलियन मेंडेलसनने नव्याने केलेली, भरघोस. ती ब्रिटनमध्ये आठवी आली. मला दोन्ही हव्यात.

‘लेटर टुनाइट’ हे पियानोवरचं हळुवार गाणं बरेच जण ओलांडून पुढे जातात. तसं करू नका. ‘टुनाइट इज फॉरएव्हर’ पुढे १९८९ मध्ये अमेरिकी गायिका-अभिनेत्री लायझा मिनेली यांनी गायलं. ‘व्हायोलन्स’ आणि ‘आय वॉन्ट अ लव्हर’ मला तितकी भिडत नाहीत.

यातली प्रेमगीतं कोणाला उद्देशून आहेत?

जपून उत्तर द्यावं असा हा प्रश्न आहे. नीलने आपण समलिंगी असल्याचं १९९४ मध्ये जाहीरपणे सांगितलं. १९८६ मध्ये तो त्यावर बोलत नव्हता. पण गाणी लिहिताना त्याने ‘मी’ आणि ‘तू’ एवढ्यावर खूप काही भागवलं. इंग्रजीत त्याला आडपडदा मिळतो, कारण तिथल्या क्रियापदाला लिंग नसतं.

एकदा मी ‘लव्ह कम्स क्विकली’तलं मराठीत सांगायला बसलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडलो. ‘तू थांबलास’ लिहू की ‘तू थांबलीस’? मराठी विचारल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. मूळ गाण्यात ती मोकळी जागा तशीच ठेवलेली आहे, आणि तिथे ज्याला बसायचं तो बसू शकतो. कितीतरी मुलामुलींना, ज्यांना आपल्या मनातलं कुणापाशी बोलता येत नव्हतं, त्या जागेचा आधार वाटला. शेवटी मी ते वाक्य ‘तुला थांबवता आलं नाही’ असं फिरवलं. भाषांतर म्हणून ते फसलेलं आहे, पण जागा मोकळी राहिली.

‘इट्स अ सिन’ यात का नाही?

त्यांचं हे पुढे गाजलेलं गाणं तेव्हाच लिहून तयार होतं, पण मागे ठेवलं. ‘व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व्ह धिस?’सुद्धा होतं, त्यात ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्ड यांचाच आवाज हवा होता आणि त्यासाठी थांबायची त्यांची तयारी होती. दोन्ही १९८७ मध्ये आली. पहिलं ब्रिटनमध्ये अव्वल, दुसरं ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे दुसरं.

अल्बम चालला का?

ब्रिटनमध्ये तिसरा, अमेरिकेत सातवा. ‘वेस्ट एंड गर्ल्स’ला १९८७ मध्ये सर्वोत्तम ब्रिटिश सिंगलचा ब्रिट पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये ‘द गार्डियन’ने ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेल्या सगळ्या गाण्यांतून त्याला सर्वश्रेष्ठ ठरवलं. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपात दोघं टोकदार उंच टोप्या घालून सायकलरिक्षातून आले आणि त्यांनी हेच गायलं.

मग लगेच जगाचा दौरा केला असेल?

नाही. पहिला खरा दौरा १९८९चा, हाँगकाँग, जपान आणि ब्रिटन. मंचाची कल्पना चित्रपट दिग्दर्शक डेरेक जार्मन यांची. मनासारखं करता येत नाही तोवर करायचंच नाही, ही सवय त्यांना पहिल्यापासून आहे.

आज ऐकायचं तर कुठून सुरुवात करू?

पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, याच क्रमाने. यादी उलटसुलट वाजवण्याची सोय बंद करा. आवडलं तर २००१ मध्ये ‘फर्दर लिसनिंग’ या जोड डिस्कसह निघालेली आवृत्ती शोधा. सिंगलसाठी केलेल्या निराळ्या आवृत्त्या, लांबवलेले मिक्स आणि अल्बमबाहेर राहिलेली गाणी तिथे सापडतील. ऑर्लँडोकडचं १९८४चं ‘वेस्ट एंड गर्ल्स’ स्वतंत्रपणे मिळवून ऐका. रात्री ऐका, शक्यतो चालताना. त्या पहिल्या पावलांच्या आवाजाला मी एकदा दचकून मागे वळून पाहिलं होतं.